अण्णांच्या ९२ वर्षांवर स्मरणग्रंथ करायचा आहे: दुकानाच्या वह्या, फोटो, आठवणी कशा लावाव्यात?

तांबटगल्ली
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा गेल्या कार्तिकात गेले, ९२ वर्षांचे होऊन. नाशिकच्या भांडीबाजारातलं तांब्या-पितळेचं दुकान आणि पुढे सातपूरला छोटा कारखाना, एवढा त्यांचा व्याप. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक पुस्तक काढून नातेवाईक, कारागीर आणि जुन्या गिऱ्हाइकांना द्यायचं घरात ठरलं आहे.

हाताशी आहे ते असं. दोन लोखंडी ट्रंका भरून रोजकीर्द-खतावण्या, म्हणजे दुकानाच्या हिशेबाच्या वह्या, त्यातल्या जुन्या मोडीत. काही वह्या पुराच्या पाण्याने चिकटलेल्या. फोटोंचे अल्बम, लेटरहेड, पावत्या. दुकानाच्या पन्नाशीची व्हिडिओ कॅसेट आणि सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी.

भावांचं म्हणणं, सगळ्यांकडून आदरांजलीचे लेख मागवू आणि छापू. मला वाटतं, अण्णा काय करत आणि कसं करत, ते पुस्तकात दिसायला हवं. सुरुवात कुठून करावी? पानं किती ठेवावीत? कार्तिकापर्यंत होईल का?

पंचवटीकर
ताई, अण्णांना आदरांजली. तुमचंच बरोबर आहे. ‘प्रेमळ, कष्टाळू, दानशूर’ हे शब्द प्रत्येक स्मरणिकेत असतात, नाव बदललं तरी मजकूर तोच राहतो. ‘दानशूर’ लिहायचं असेल तर धर्मादाय खात्याचं एक पान छापा. काम झालं.

खतावणी
वह्यांबद्दल सांगतो. दोन ट्रंका सबंध वाचायला बसू नका, वर्ष त्यातच जाईल. आधी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानाचा मोबाइलने फोटो काढा. वहीपूजनाच्या त्या पानावर ‘श्री’खाली मिती आणि संवत असतं. व्यापारी वर्ष बलिप्रतिपदेला बदलायचं, म्हणजे विक्रम संवत २०१९ ची वही १९६२ च्या दिवाळीत उघडलेली. कोणी शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा, शके १८८४ म्हणजे १९६२ चा चैत्र. आयकरासाठी सगळ्यांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सक्तीचं झालं. तोवर पुष्कळ दुकानांचा हिशेब दिवाळी ते दिवाळीच असे.

वह्या वर्षवार लागल्या की दर पाच वर्षांतली एक निवडा आणि तिचे दोनच तुकडे वाचा: धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा आणि वैशाखातल्या लग्नसराईचा एक महिना. भांड्यांच्या दुकानाचं वर्ष या दोन ठिकाणी दिसतं. रोजकीर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. त्यातून काढायचं ते हे: तांब्या-पितळेचा वजनावरचा भाव, घडणावळ वेगळी लावली आहे का, मोड म्हणजे जुनी भांडी कोणत्या भावाने घेतली, वटाव म्हणजे सूट किती सोडली, कारागिरांना आठवड्याला काय दिलं.

सगळ्यात मोलाचं पान मात्र घरखर्च खात्याचं. शाळेच्या फिया, डॉक्टर, बहिणीचं लग्न, पहिला रेडिओ, पहिली सायकल, सगळं तिथे तारखेनिशी असतं. माणसाच्या आयुष्याचा कणा इतका नेमका दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडत नाही.

दहीपूल
@खतावणी, जुन्या वह्यांत रुपये-आणे आणि शेर-रतल येणार. त्याचं आजचं माप कसं धरायचं?

खतावणी
पैशांचं सोपं. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. रकमेपुढे उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडव्या किंवा तिरप्या छोट्या रेघा एकेक आण्याच्या. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पैसे आले आणि १९६४ पर्यंत त्यांना ‘नवे पैसे’ म्हणत. त्यामुळे पावतीवर ‘न.पै.’ दिसलं की ती त्या सात वर्षांतली.

वजनात जपून. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, आणि असे ४० शेर म्हणजे मण, साधारण ३७.३ किलो. रतल म्हणजे ४५४ ग्रॅम. पण शेर सगळीकडे सारखा नव्हता, मुंबईचा शेर कितीतरी लहान. म्हणून ‘शेर’ दिसला की लगेच किलोत बदलू नका. त्याच वहीत एखाद्या ओळखीच्या भांड्याचं वजन सापडतं का पहा. मधल्या मापाची कळशी सोळा शेर निघाली, तर तो पक्का शेर नाही हे उघड आहे. पुस्तकात मूळ आकडा तसाच छापा आणि आजचं माप खाली बारीक अक्षरात द्या.

आणि त्या काळच्या भावाचं ‘आजचे इतके रुपये’ असं रूपांतर करूच नका. त्यापेक्षा त्याच वहीत कारागिराची रोजची मजुरी काय आहे ते बघा आणि एक घागर म्हणजे किती दिवसांची मजुरी, ते लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

गोदाकाठ
चिकटलेल्या वह्या ओढून उघडू नका, आधी हे. भांडीबाजारात गोदावरीचं पाणी १९६९ च्या महापुरात शिरलं, अलीकडे २००८, २०१६ आणि २०१९ मध्येही. कोणत्या पुराच्या आहेत ते वहीवरून कळेल.

वही अजून दमट असेल तर सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात उभी अर्धवट उघडून ठेवा. दर दहा-बारा पानांमध्ये टीपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको. त्याने कागद आक्रसतो आणि शिलाईजवळ फाटतो. सुकलेली आणि चिकटलेली असेल तर सुट्या झालेल्या कडेकडून बोथट, पातळ पट्टी घालून जेवढी सहज सुटतील तेवढीच पानं सोडवा. अडलं की थांबा. बोरूची काळी शाई पुष्कळ टिकते, निळी शाई पसरते आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीला ओल लागली की सगळं पान जांभळं होतं. म्हणून वाफ देऊन सोडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बुरशी असेल तर तोंडाला मास्क बांधा, काम गच्चीवर करा आणि मऊ कोरड्या ब्रशने बाहेरच्या दिशेला झाडा. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशी कागदात मुरते. गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप कुठेही लावू नका, काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो.

मोडी_वाचक
मोडी पानांसाठी: मोडीत शिरोरेघ आधी आखतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे नवख्याला अशक्य वाटतं. पण हिशेबाची मोडी पत्रांच्या मोडीपेक्षा सोपी, कारण तेच ते शब्द रोज येतात. ‘जमा’, ‘नावे’, ‘बाकी’, ‘हस्ते’, ‘बाबत’, वारांची नावं आणि नेहमीची पंधरा-वीस गिऱ्हाइकं ओळखता आली की निम्मं पान उलगडतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात, तिथून जाणकार मिळतात. त्यांना सबंध वह्या देऊ नका. निवडलेल्या पानांचे स्पष्ट फोटो द्या आणि सोबत घरातल्या माणसांची, गिऱ्हाइकांची, गावांची नावं लिहून द्या. नावं आधी माहीत असली की चुका निम्म्याने कमी होतात.

सिन्नरफाटा
सगळे वह्यांच्या मागे लागलात. मी भावांच्या बाजूने बोलतो. वही भाव सांगेल, पण माणूस गल्ल्यावर बसायचा कसा, हे बाकीचेच सांगणार. लेख मागवायलाच हवेत. फक्त ‘अण्णांविषयी चार शब्द लिहून द्या’ असं सांगितलं की तेच चार शब्द येतात. प्रत्येकाला एकच प्रश्न द्या, तोही ज्याचं उत्तर त्यालाच ठाऊक असेल असा. वाहतूकदाराला विचारा, माल बांधताना पेंढा की गोणपाट, आणि पोचलेल्या भांड्याला पोचा पडला तर नुकसान कोण सोसायचं? शेजारच्या दुकानदाराला विचारा, अण्णांकडे नसलेला माल ते गिऱ्हाइकाला कुठे पाठवायचे? मुनिमाला विचारा, उधारी किती महिन्यांनी मागायचे आणि मागताना काय म्हणायचे?

तांबटगल्ली
@सिन्नरफाटा, हे फार पटलं. भावांनाही वाचून दाखवलं. पण कारागीर आता थकलेत, लिहून देणं त्यांना जमणार नाही.

रेकॉर्डिंगवाला
मग बोलतं करा. मोबाइल पुरतो, फक्त एअरप्लेन मोडवर टाका, छताचा पंखा बंद करा आणि मोबाइल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवा. टेबलावर नुसता ठेवला तर कपाची खणखण आवाजावर चढते. एका वेळी एकच माणूस, तास-सव्वा तासाहून जास्त नको. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि नाव मोठ्याने बोलून घ्या, म्हणजे पुढे फायलींचा गोंधळ होत नाही. हे छापलं तर चालेल ना, तेही तिथेच विचारून घ्या.

हातात वस्तू द्या. ‘अण्णांबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. जुनी हातोडी किंवा अर्धं घडलेलं तपेलं दिलं की हात आधी बोलतात. वर्ष विचारू नका, ते कोणालाच आठवत नाही. ‘महापुराच्या आधी की नंतर?’, ‘७२ च्या दुष्काळात?’, ‘२००३ च्या सिंहस्थाच्या आधी?’ असं विचारा. नाशिकच्या माणसाचं कॅलेंडर पूर आणि सिंहस्थ यांवर चालतं.

एक तास बोलणं लिहून काढायला चार ते सहा तास लागतात, हे वेळापत्रकात धरा. सहा माणसांच्या वर गेलात तर कार्तिक हुकेल.

मठारकाम
ताई, अण्णांच्या पुस्तकात एक प्रकरण कामाचं हवंच: एक भांडं पत्र्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत. फोटोंसह. ज्यांनी ते केलं ती पिढी आत्ता आहे तोवरच हे होईल.

तांब्याचं घ्या. पत्रा गोल कापतात, ऐरणीवर ठोकून खोलगट करतात. ठोकता ठोकता तांबं कडक होतं आणि तसंच पुढे ठोकलं तर तडकतं. म्हणून मध्येच भट्टीत लालसर तापवून पाण्यात विझवायचं, की ते पुन्हा मऊ पडतं. एका हंड्याला हे अनेकदा करावं लागतं. किती वेळा, ते कारागिरालाच विचारा, कारण ते पत्र्याच्या जाडीवर आणि त्याच्या हातावर असतं. शेवटचं मठारकाम मात्र तापवल्यानंतर करायचं. गोल तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके पाडत गेलं की पृष्ठभाग घट्ट होतो, भांडं पोचे खात नाही आणि ती ओळखीची चकाकी येते. मठार नुसती नक्षी आहे असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. ती भांड्याची ताकद आहे. यंत्रावर दाबून नुसते ठसे उमटवलेलं भांडं आतून हात फिरवला की कळतं.

पितळेत तांब्यासोबत जस्त असतं, भांड्यांच्या पितळेत साधारण एक तृतीयांश. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि तांबं १०८५ ला वितळतं. म्हणून पितळेचा रस करताना पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडीताप भरतो. अण्णांच्या कारखान्यात ओतकाम होत असेल तर धुराची काय सोय होती, हेही लिहा. मालक कसा होता ते अशा गोष्टींतून कळतं.

कल्हई
@मठारकाम, कल्हईचं राहिलं. भांडं आतून चिंचेने किंवा आम्लाने स्वच्छ करायचं, भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्वत्र ओढायचं. कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे आच थोडी असली तरी पुरते. जास्त तापलं तर कथील काळपट पडतं, कमी तापलं तर पापुद्रा बसतो आणि सोलून निघतो. नवसागर नसेल तर कथील धातूला धरत नाही, थेंब होऊन घरंगळतं.

पाणी तापवायच्या बंबाचं चित्र जरूर द्या: मधली नळी, खालची जाळी, तोटी, झाकण. आणि दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे तेही: आधी पाणी भरा, मग पेटवा. कोरडा पेटवला की सांधे जोडणारी झाळ वितळते आणि बंब गळायला लागतो. दुरुस्तीला येणारे बंब बहुतेक याच कारणाने येतात.

रविवार_कारंजा
एक कल्पना. लग्नाच्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून द्यायची पद्धत होती. ती भांडी अजून घराघरांत आहेत. ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर कळवा: अण्णांच्या दुकानातलं कोरीव नावाचं भांडं घरात असेल तर फोटो पाठवा. तारीख भांड्यावरच असते, शोधावी लागत नाही. अक्षरांत थोडं पीठ चोळून बाजूने उजेड पाडला की फोटोत नाव उठून दिसतं.

तांबटगल्ली
@रविवार_कारंजा, हे तर कोणाच्या डोक्यातच आलं नसतं. आजच कळवते.

जुना_निगेटिव्ह
फोटोंचं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटू नका. मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळू ओढला तर बरेच सुटतात. नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेतूनच टिपायचा, सोडवायला गेलात की रंगाचा थर काचेवर राहतो.

छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पोस्टकार्डाएवढे आणि त्याहून मोठे ३०० ला. काळे-पांढरे फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करा, डागांची दुरुस्ती सोपी जाते. मूळ फाइल टिफ ठेवा, जेपेग फक्त पाठवायला. ३५ मिमी निगेटिव्ह मिळाल्या तर २४०० च्या खाली नको, आणि निगेटिव्ह असेल तर प्रिंटच्या मागे लागूच नका.

प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीचा आकडा, कधी तारीख तिथे असते. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छपाईला देऊ नका. नातेवाइकांना सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आपोआप लहान होतो.

सातपूरकर
लेटरहेड-पावत्यांना तारीख नसेल तर त्यांवरचा बाकीचा मजकूर बघा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. व्हॅटचा उल्लेख असेल तर १ एप्रिल २००५ नंतरचं, जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतरचं. फोनच्या आकड्यांची संख्या वाढत गेली, त्यावरूनही पावत्यांचा क्रम लागतो.

कारखान्यासाठी भूखंड वाटपाचं पत्र शोधा. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळच, १९६२ साली स्थापन झालं, त्यामुळे सातपूरचं काहीही त्याआधीचं नाही. भागीदारी असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदीचा उतारा मिळतो, त्यात भागीदार कधी आला आणि कधी निघाला ते दिसतं. दुकानाच्या जागेसाठी सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. उद्योजक संघटनांच्या जुन्या सभासद-याद्या, ‘निमा’कडे वगैरे, विचारून पाहा. आणि सार्वजनिक वाचनालयात जुन्या वृत्तपत्रांच्या दिवाळीतल्या जाहिराती चाळा. १८४० सालचं वाचनालय आहे, तिथे निवांत बसून शोधायला हवं.

पंचवटीकर
जन्मतारीख मात्र तपासा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर लगेच छापू नका. त्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला आहे :)

कालगणना
@पंचवटीकर, अगदी खरं, शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. पत्रिकेत तिथी, नक्षत्र आणि शके असेल तर त्या वर्षाच्या पंचांगावरून तारीख निघते. नक्षत्र जुळलं तरच ती पक्की धरा. नगरपालिकेच्या जन्मनोंदीशीही ताडून पाहा. नाशिकची महानगरपालिका १९८२ ची, पण नगरपालिका १८६४ पासून आहे.

सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला म्हणून: पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. म्हणून विधी ८१ व्या वर्षात करतात. ९२ वर्षांच्या माणसाने जवळपास अकराशे चाळीस पौर्णिमा पाहिल्या.

दहीपूल
अकराशे चाळीस! हा आकडा पुस्तकात यायलाच हवा.

त्र्यंबकरोड
वंशावळ हवी असेल तर तीर्थोपाध्यायांकडे जा. नाशिक-पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरला त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. आजचा पत्ता सांगून उपयोग नाही. आडनाव, मूळ गाव आणि ज्ञाती सांगावी लागते, कारण नोंदी त्यानुसार लावलेल्या असतात. आजोबांचे अस्थी विसर्जित करताना अण्णांनी स्वतः केलेली सही त्या वहीत असू शकते. काशी-गयेला कोणी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांकडेही. फोटो काढायला परवानगी मागा आणि दक्षिणा द्या. वही त्यांच्या घराण्याची ठेव आहे.

मेनरोड
कडवट विषय काढतो. भावाभावांत दुकान वाटलं गेलं असेल, एखादा भागीदार सोडून गेला असेल, मोठी उधारी बुडाली असेल, तर ते लिहायचं की नाही? माझं मत, नाही. श्रद्धांजलीत वाद कशाला?

सिन्नरफाटा
@मेनरोड, मला पटत नाही. इतक्या वर्षांच्या व्यवसायात एकही पडता काळ नाही असं छापलं तर उरलेलंही कोणी खरं मानत नाही. स्टेनलेस स्टील घराघरांत शिरलं तेव्हा तांब्या-पितळेच्या प्रत्येक दुकानाला धक्का बसला. अण्णांनी त्या वर्षांत काय केलं? स्टील विकायला ठेवलं? मंदिरांच्या घंटा-समयांकडे वळले? कारागीर कमी केले की ठेवले? व्यापारी म्हणून त्यांची ओळख याच उत्तरात आहे.

खतावणी
दोघांचंही राखता येतं. घटना लिहा, ज्यांच्याशी संबंध आला त्यांची नावं नको. ‘अमुक साली दुकानाचे दोन भाग झाले’ हे एक वाक्य पुरे, आणि ते छापण्याआधी दुसऱ्या शाखेला वाचायला द्या. वहीचं पान छापताना उधारीवाल्या गिऱ्हाइकांची नावं झाका. कोणाच्या आजोबांनी किती थकवले होते, हे त्यांच्या नातवाला पुस्तकातून कळायला नको. अण्णांनीही ते कधी चारचौघांत सांगितलं नसतं.

मेनरोड
@खतावणी, असं असेल तर माझी हरकत नाही.

कॅसेटवाला
व्हिडिओ कॅसेटची टेप आधी कॅसेटवरच्या पारदर्शक खिडकीतून पाहा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी, अशी कॅसेट चालवू नका, यंत्राचं हेडही खराब होतं. स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळा, मग उतरवा. आपल्याकडच्या पाल पद्धतीला ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. दुकानदार ‘एचडी करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, त्यात नवीन काही येत नाही, चेहरे मात्र मेणाचे होतात. घरी जळवलेल्या डीव्हीडीही कायमच्या नसतात, आजच कॉपी करून घ्या. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

कागदवाला
आता छपाई. आकार डेमी ठेवा, साडेपाच बाय साडेआठ इंच, हातात धरायला बरा आणि कागद वाया जात नाही. पानं १६ च्या पटीत, कारण फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घालतात तो कागद, १६ पानांचा. १६० पानं म्हणजे १० फॉर्म. त्यातली १२८ मजकुराची धरली तर पानाला साधारण ३०० शब्दांनी ३८ हजार शब्द बसतात. तुमच्याजवळ जे आहे त्याला हे भरपूर.

मजकुराला ८० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप), पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर. वयस्क वाचकांच्या डोळ्यांना ते बरं आणि मागचं अक्षरही कमी दिसतं. फोटोंचे दोन फॉर्म १३० जीएसएम मॅट आर्ट पेपरवर, मजकुराच्या मधोमध एकत्र. अक्षर १३ पॉइंटच्या खाली आणू नका. अण्णांचे सोबती ८०-९० चे असणार. कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन.

बांधणी शिलाईचीच मागा. नुसत्या गोंदाच्या बांधणीत आर्ट पेपर नीट धरत नाही, दोनदा उघडलं की फोटोंची पानं हातात येतात, आणि हीच पानं सगळ्यात जास्त उघडली जातात. प्रती तीनशेच्या आत असतील तर डिजिटल, वर गेल्या तर ऑफसेट परवडतं. दरपत्रकं तीन मागवा आणि तिघांनाही आकार, पानं, जीएसएम, बांधणी आणि प्रती एकाच कागदावर लिहून द्या, नाहीतर भावांची तुलनाच होत नाही. विकायचं नसेल तर आयएसबीएनची गरज नाही.

काळं अक्षर फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नको. रंग जरा सरकले की अक्षराला रंगीत सावली पडते. ऑफसेटला द्यायच्या आधी एक प्रत डिजिटल काढून घरात फिरवा.

मुद्रितशोधन
@कागदवाला यांच्या यादीत एक भर. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार सरकतो, ‘ऱ्या’ मोडतो, जोडाक्षरं सुटतात, आणि स्पेलचेकरला हे सगळं सापडतंच असं नाही. मुद्रितं, म्हणजे तपासायच्या छापील प्रती, तीन: पहिलं मजकुराचं, दुसरं फक्त नावं, नाती आणि सालांचं, तिसरं फक्त फोटोंच्या ओळींचं. दुसरं मुद्रित घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. फोटोखाली ‘डावीकडून’ लिहिताना उभे आणि बसलेले वेगळे लिहा. सगळ्यात जास्त नाराजी इथेच होते.

तांबटगल्ली
किती जीव लावून लिहिलंत सगळ्यांनी. भावांशी बोलून असं ठरवलं आहे: १६० पानं, दहा वह्यांतली निवडक पानं, सहा जणांच्या मुलाखती, हंडा घडण्याचं एक सबंध प्रकरण आणि कोरीव भांड्यांचे फोटो. आदरांजलीचे लेख शेवटी, प्रत्येकी एका पानात, @सिन्नरफाटा यांच्या पद्धतीने प्रश्न देऊन. आता कार्तिकापर्यंत आठ महिने आहेत. जमेल?

कागदवाला
जमेल, पण शेवटाकडून मोजा. छपाई-बांधणीला महिना, कारण दिवाळीआधी छापखाने दिवाळी अंक आणि कॅलेंडरात बुडालेले असतात. म्हणून फाइल भाद्रपदातच द्या. त्याआधी मांडणी आणि तीन मुद्रितांना दोन महिने. म्हणजे मजकूर आषाढात बंद. उरले चार महिने, त्यात वह्या, स्कॅनिंग आणि मुलाखती. वर्षश्राद्ध तिथीने असतं, मध्ये अधिक मास येतो का ते भटजींना आत्ताच विचारून ठेवा.

रेकॉर्डिंगवाला
चार महिन्यांत वह्या थांबतील, माणसं नाही. मुलाखती आधी उरका, पहिली सगळ्यात वयस्क कारागिराची.

मठारकाम
आणि ती दुपारी नको. जुने कारागीर सकाळी आठ ते अकरा या वेळात बोलतात, नंतर दमतात. भट्टी पेटवता आली तर फोटोग्राफरलाही त्याच वेळी बोलवा. तांबं किती लाल झालं की विझवायचं, तो रंग सावलीतच दिसतो, उन्हात कळत नाही. फ्लॅश बंद ठेवायला सांगा.

तांबटगल्ली
रविवारी सकाळी आठला जाते. हातोडी सोबत नेते. ‘अण्णांकडचं तपेलं आहे’ म्हणून तीन फोटोही आलेत, एकावर १९६४ चं साल स्पष्ट दिसतंय. मुलाखत झाली की इथेच कळवते.